मध्यम कारखान्यात लाचविरोधी व्यवस्था: सुरुवात नेमकी कुठून करायची? (फोरमवरची चर्चा; प्रत्येक उताऱ्यावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

तेरीज

चाकणच्या एका मशीनिंग कंपनीसाठी विचारतोय. प्रायव्हेट लिमिटेड, उलाढाल १४० कोटींच्या घरात, बँकांचं कर्ज ६२ कोटी. संचालक तीन, तिघेही एकाच घरातले. अकाउंट्सला मोजकी माणसं. कंप्लायन्स नावाचं वेगळं खातं नाही, होण्याची शक्यताही नाही.

एका जर्मन गिऱ्हाइकाने नव्या कराराआधी लाचविरोधी प्रश्नावली धाडली आहे. धोरण आहे का, एजंट आणि पुरवठादारांची तपासणी करता का, तक्रार करायची सोय आहे का, पुरावे जोडा, वगैरे. मोठ्या साहेबांचं म्हणणं, नेटवरून दोन पानी पॉलिसी उतरवा, मी सही करतो, गेटपाशी फ्रेम लावा. पण सीएचएच्या, म्हणजे कस्टममधून माल सोडवणाऱ्या एजंटाच्या, जवळपास प्रत्येक बिलात दीड ते चार हजारांची 'सुंड्री' (किरकोळ खर्च) ओळ असते आणि तिला पावती नसते. खरेदीत कुणीतरी टक्का खातंय अशी कुजबुज आहे, हातात काही नाही. भंगार वर्षानुवर्षं एकाच माणसाला जातं. आणि सरकारी परवान्यांची कामं एक 'लायझनिंगवाले' बघतात, त्यांना दरमहा ठरलेली रक्कम जाते.

कायद्याने आमच्यावर नेमकं काय बंधनकारक आहे? आणि तुटपुंज्या माणसांत पहिले तीन महिने कशावर घालवावेत?

खतावणी

पॉलिसी सगळ्यात शेवटी लिहा. आधी पैसा कुठून बाहेर पडतो ते शोधा. लाच द्यायची असो की खायची, पैसा आधी कुठल्यातरी बिलाचं रूप घेऊन कंपनीच्या वहीतून निघावा लागतो. ती बिलं ठरावीक जातीची असतात: सल्ला फी, लायझनिंग, सुंड्री, जॉबवर्क, मजूर ठेकेदार, दुरुस्ती, वाहतूक. मालाच्या बिलात गेट एन्ट्री आणि जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) लागतो, सेवेच्या बिलात काहीच मोजता येत नाही. म्हणून सुरुवात सेवांच्या लेजरपासून.

पहिला आठवडा फक्त व्हेंडर मास्टरवर घाला. टॅलीतून किंवा ईआरपीतून सगळे पुरवठादार एक्सेलला काढा: नाव, जीएसटी क्रमांक, बँक खातं, आयएफएससी, मोबाइल, पत्ता, खातं उघडल्याची तारीख. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राला २७. तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंतची दहा अक्षरं म्हणजे त्या धंद्याचा पॅन. एक्सेलच्या मिड फंक्शनने तेवढी दहा वेगळी काढा. पॅनचं चौथं अक्षर 'पी' असेल तर धंदा एकट्या माणसाचा, 'एफ' म्हणजे भागीदारी, 'सी' म्हणजे कंपनी. 'पी'वाल्यांचे पॅन पगाराच्या मास्टरमधल्या पॅनशी काउंटइफने जुळवा. खरेदीतला माणूस स्वतःच्याच पॅनवर फर्म काढण्याइतका भोळा क्वचित असतो, पण असतो.

बायकोच्या किंवा भावाच्या नावाची फर्म अशी सापडत नाही. तिथे बँक खातं जुळवा: पगार ज्या खात्यात जातो तेच खातं पुरवठादाराचं आहे का, किंवा दोन वेगळ्या पुरवठादारांचं खातं एकच आहे का. मोबाइल नंबर आणि पिन कोडसकट पत्ताही तसाच जुळवा. आणखी एक जागा सहसा सुटते. वर्षाला एक लाखावर घरभाडं दाखवणाऱ्या कर्मचाऱ्याने घरमालकाचा पॅन दिलेला असतो आणि तो घरमालक बऱ्याचदा वडील किंवा आई असते. तो पॅनही यादीत टाका. पीएफच्या नॉमिनेशन फॉर्मवर घरच्यांची नावं असतात, तीही.

त्यानंतर बिल नंबर. एखादा सेवा पुरवठादार एप्रिलला बिल नंबर ११, मेला १२, जूनला १३ देत असेल तर त्याला तुमच्याशिवाय दुसरं गिऱ्हाईक नाही. हा पुरावा नव्हे, पण चौकशी इथून सुरू करायची. जीएसटी पोर्टलवर त्याची नोंदणीची तारीख आणि रिटर्न भरल्याची यादी फुकट दिसते. नोंदणी मार्चची, पहिलं बिल एप्रिलचं आणि पहिलीच ऑर्डर आठ लाखांची असेल तर त्या ऑर्डरवर सही कुणाची ते बघा.

खरेदीत टक्का शोधताना दर बघू नका, मंजुरीच्या मर्यादा बघा. मॅनेजरला एक लाखापर्यंत मुभा असेल तर ९० हजार ते एक लाख या पट्ट्यातले पीओ (खरेदीच्या ऑर्डरी) वेगळे काढा. एकाच पुरवठादाराला आठवड्याभरात असे दोन-तीन गेले असतील तर काम तोडून दिलंय. तीन कोटेशनच्या फाइली उघडा. पीडीएफच्या प्रॉपर्टीजमध्ये तिन्ही फाइलींवर एकच 'ऑथर' किंवा काही मिनिटांच्या अंतराने बनल्याची वेळ सापडते. शुद्धलेखनाची एकच चूक तिन्ही पत्रांत असणं तर नेहमीचंच. दरावरून पकडायला गेलात की तांत्रिक कारणं समोर येतात आणि वाद घालत बसावं लागतं. फाइलीच्या तारखेशी कुणी वाद घालत नाही.

मजूर ठेकेदाराचं बिल पास करताना तीन कागद शेजारी ठेवा: गेटच्या पंचिंगचा रिपोर्ट, ठेकेदाराचा पीएफचा ईसीआर (दरमहाचं विवरण) ज्यात यूएएनवार, म्हणजे प्रत्येकाच्या पीएफ क्रमांकानुसार, नावं असतात, आणि ईएसआयचं (कामगार विम्याचं) चलन. बिलात ६० माणसं, ईसीआरमध्ये ४३ असं निघालं तर वरचे १७ जण एक तर पीएफविना राबतायत किंवा जन्मालाच आलेले नाहीत. दोन्ही तुमच्या अंगावर येतं, कारण ठेकेदाराने पीएफ भरला नाही तर वसुली मुख्य मालकाकडून होते.

एक तांत्रिक गोष्ट. १ एप्रिल २०२३पासून कंपन्यांनी एडिट लॉग (कुणी कधी काय बदललं याची नोंद) असलेलंच अकाउंटिंग सॉफ्टवेअर वापरायचं आहे, आणि तो वर्षभर चालू होता का हे ऑडिटर अहवालात लिहितो. तो चालू आहे एवढ्यावर सगळे समाधान मानतात, वाचत कुणी नाही. महिन्यातून एकदा दोनच गोष्टी वाचा: पुरवठादाराचं बँक खातं कुणी कधी बदललं, आणि महिना बंद झाल्यावर मागच्या तारखेच्या नोंदी कुणी टाकल्या. खातं बदलायची विनंती ईमेलवर आली तर जुन्या नोंदीतल्या नंबरवर फोन करून खात्री करायची, ईमेलमधल्या नंबरवर नाही. मग एक रुपया पाठवून खातेदाराचं नाव बघायचं.

फौजदारी_बाजू

कायद्याचं थोडक्यात. १९८८च्या भ्रष्टाचार प्रतिबंध कायद्यात २०१८ला मोठी दुरुस्ती झाली आणि ती २६ जुलै २०१८पासून लागू आहे. त्याआधी देणारा बहुतेक वेळा मदत करणारा म्हणून पकडला जायचा. आता कलम ८ खाली लाच देणं हाच स्वतंत्र गुन्हा, सात वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही.

तुमच्यासाठी महत्त्वाची कलमं ९ आणि १०. कंपनीशी 'संबंधित' माणसाने कंपनीला धंदा किंवा धंद्यातला फायदा मिळावा म्हणून लोकसेवकाला काही दिलं किंवा देऊ केलं, तर कंपनी गुन्हेगार. शिक्षा दंड, आणि त्याला वरची मर्यादा लिहिलेली नाही. संबंधित म्हणजे कंपनीसाठी किंवा कंपनीच्या वतीने सेवा देणारा कुणीही, त्याला तुम्ही काय नाव देता याला किंमत नाही. सीएचए त्यात आला, लायझनिंगवाले तर आलेच. कर्मचारी असेल तर तो संबंधित आहे असं कोर्ट गृहीतच धरतं, नाही हे तुम्ही सिद्ध करायचं. बचाव एकच: असं होऊ नये म्हणून पुरेशा कार्यपद्धती होत्या हे दाखवणं, आणि ते दाखवायचं ओझं कंपनीवर. कलम १० संचालकांचं. त्यांच्या संमतीने किंवा संगनमताने झालं हे सिद्ध झालं तर कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षं कैद आणि दंड. मोठ्या साहेबांना फ्रेम करून लावायचंच असेल तर हे कलम लावा.

'पुरेशा कार्यपद्धती' म्हणजे काय याला सगळे ब्रिटनच्या २०१०च्या ब्राइबरी अ‍ॅक्टवरच्या सरकारी मार्गदर्शनातली सहा तत्त्वं वापरतात: जोखमीच्या प्रमाणात नियम, मालकांची बांधिलकी, जोखमीची तपासणी, तिसऱ्या पक्षाची पारख, प्रशिक्षण आणि वेळोवेळी फेरतपासणी. आयएसओ ३७००१ हे मानक साधारण त्याच वाटेने जातं. जर्मन प्रश्नावलीही बहुतेक याच क्रमाने असेल. प्रमाणपत्र घ्यायची घाई करू नका. कोर्टात प्रमाणपत्र विचारत नाहीत, त्या विशिष्ट बिलावर सही करताना कुणी काय तपासलं ते विचारतात.

खाजगी कंपनीतल्या खरेदी मॅनेजरने पुरवठादाराकडून टक्का घेतला तर हा कायदा लागतच नाही, कारण तो लोकसेवक नाही. संयुक्त राष्ट्रांचा भ्रष्टाचारविरोधी करार भारताने २०११ला मंजूर केला. त्यात खाजगी क्षेत्रातली लाच गुन्हा ठरवण्याचं कलम ऐच्छिक आहे आणि आपल्याकडे तसा वेगळा कायदा झालेला नाही. मग उरतं भारतीय न्याय संहितेतलं विश्वासघाताचं कलम ३१६ आणि फसवणुकीचं ३१८. त्यासाठी कंपनीचं नुकसान आकड्यात दाखवावं लागतं, आणि तिथे केस अडकते. म्हणून नेमणूकपत्रातच लिहा: पुरवठादाराकडून कसलाही लाभ घेतला तर सेवा समाप्त आणि रक्कम वसूल. घरच्यांचे धंदे दरवर्षी एप्रिलमध्ये लेखी जाहीर करायचे. पीओच्या अटींत लिहा: आमच्या माणसाला काही दिलं तर ऑर्डर रद्द, बाकी पेमेंट रोखणार, वह्या तपासायचा हक्क आमचा. नुकसान सिद्ध करण्यापेक्षा अट मोडली हे सिद्ध करणं कितीतरी सोपं.

न्हावाशेवा_लाइन

सीएचएच्या सुंड्रीचं. ती ओळ बंद करायला आठवड्याचं काम आहे, पण ती का उगवते हे आधी बघा, नाहीतर दुसऱ्या नावाने परत येईल. बहुतेक वेळा आयातदाराचाच उशीर असतो. बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयात मालाचं कस्टमला द्यायचं घोषणापत्र, जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरायची असते. उशीर झाला की पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि पुढे रोज १०,००० असा आकार. कागद अर्धवट, इन्व्हॉइसवर मालाचं वर्णन मोघम, एचएस कोड (मालाच्या वर्गाचा क्रमांक) मागच्या वेळी वेगळा, ओरिजिन सर्टिफिकेट मागून येणार, असं सगळं असलं की कस्टमची क्वेरी येते. कंटेनर पडून राहतो, डिटेन्शन (कंटेनर उशिरा परत करण्याचा आकार) चालू होतं आणि मग कुणीतरी म्हणतं 'दोन हजारात होऊन जाईल'. फेसलेस असेसमेंटमध्ये तुमची फाइल देशातल्या कुठल्याही बंदराचा अधिकारी बघतो, त्यामुळे असेसमेंटच्या टेबलावर ओळख चालत नाही. जे राहिलंय ते मालाची तपासणी, सीएफएस (बंदराजवळचं कंटेनर गोदाम) आणि गेट इथे.

सीएचएशी नवा करार असा करा. एजन्सी चार्ज कंटेनरमागे ठरलेला, त्याच्या बिलात तेवढीच एक सेवेची ओळ. बाकी सगळं रीइम्बर्समेंट, प्रत्येक रकमेला तिसऱ्या पक्षाची पावती: शिपिंग लाइनचा डीओ (माल सोडण्याचा आदेश) चार्ज, टर्मिनल हँडलिंग, सीएफएसचं बिल, स्टॅम्प ड्यूटी. पावती नाही तर पैसे नाहीत. 'सुंड्री', 'मिसलेनियस', 'एक्झामिनेशन एक्सपेन्स', 'ऑपरेशनल' हे शब्द बिलात चालणार नाहीत असं करारातच लिहा. करार झाला की पहिल्या महिन्यात एजन्सी चार्ज वाढवून मागतील. दोनतीनशे वाढले तर ठीक. थेट तीन हजार वाढवून मागितले तर सुंड्रीच नवा शर्ट घालून आलीय. त्यांना विचारा, या वाढीव पैशात जास्तीचं काम कोणतं.

आणि मालकांकडून एक मंजुरी आधीच घेऊन ठेवा: उशिराचं बजेट. वर्षाला अमुक लाख डेमरेज (माल बंदरात पडून राहिल्याचा आकार) आणि डिटेन्शनला जातील, पण गेटवर रोख देणार नाही. हे लेखी नसेल तर लाइन थांबायच्या भीतीने प्लँट हेडच सीएचएला सांगतो 'काहीही करा'. आयात मालाचा साठा पाच दिवसांनी वाढवला तर ती भीतीच कमी होते. कायमचा उपाय म्हणजे एईओ दर्जा, म्हणजे कस्टमने विश्वासू ठरवलेला आयातदार. टी-१ला, पहिल्या पायरीला, कागदपत्रं फार नाहीत, दर्जा मिळाला की तपासणीचं प्रमाण घटतं आणि डायरेक्ट पोर्ट डिलिव्हरीची (माल थेट बंदरातून उचलण्याची) वाट सोपी होते. तपासणीच कमी, तर मागायला जागाही कमी.

खतावणी

लायझनिंगवाल्यांचं राहिलं. दरमहा ठरलेली रक्कम ही सगळ्यात वाईट पद्धत, कारण कोणत्या कामाचे पैसे हे कधीच कळत नाही. कॅडबरी इंडियाचं प्रकरण वाचून ठेवा. हिमाचलमधल्या बद्दीच्या कारखान्याच्या परवान्यांसाठी २०१०च्या सुमारास एक एजंट नेमला होता, त्याला एकूण ९० हजार डॉलरच्या आसपास दिले. बिलांवर लिहिलं होतं परवान्यांचे अर्ज तयार करण्याबद्दल. प्रत्यक्षात अर्ज कंपनीच्याच कर्मचाऱ्यांनी तयार केले होते, आणि एजंटाची आधी कुठलीच पारख झाली नव्हती. अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने हे वहीतली खोटी नोंद म्हणून धरलं आणि २०१७च्या जानेवारीत मूळ कंपनीने आरोप मान्य किंवा अमान्य न करता १.३ कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवलं. रकमेपेक्षा धडा बघा. बिलावर लिहिलेलं काम त्या माणसाने केलं का, एवढाच प्रश्न होता.

म्हणून कामनिहाय दर: कारखाना परवाना नूतनीकरण इतके, प्रदूषण मंडळाची संमती इतके, फायर एनओसी इतके. बिलासोबत अर्ज क्रमांक, भरलेल्या सरकारी फीचं चलन, आणि कोणत्या तारखेला कुठल्या कार्यालयात गेले त्याची नोंद. सरकारी फी कंपनीच्या खात्यातून थेट ऑनलाइन भरायची, एजंटाच्या हातात कधीच नाही. 'यश मिळाल्यावर' द्यायची फी ठेवू नका. तीच रक्कम पुढे लाच म्हणून वाटली जाते.

इमारत वाढवायची असेल तर ठेकेदाराच्या एक्स्ट्रा आयटमवर डोळा ठेवा. कॉग्निझंटच्या चेन्नईतल्या इमारतीच्या परवानगीचं प्रकरण २०१९ला मिटलं, कंपनीने आरोप मान्य किंवा अमान्य न करता अडीच कोटी डॉलर भरले. त्यात आरोप असा होता की पैसे ठेकेदाराने द्यायचे आणि त्याची भरपाई चेंज ऑर्डरमध्ये (वाढीव कामाच्या ऑर्डरीत) लपवायची. मूळ बीओक्यूमध्ये (कामांच्या आणि मापांच्या यादीत) नसलेला प्रत्येक आयटम मोजमाप पुस्तिका आणि फोटोसकट आला नाही तर थांबवा.

काटा

भंगाराला सगळ्यांनी शेवटचा नंबर दिलाय. मशीनिंगच्या धंद्यात रोख रकमेचं सगळ्यात मोठं भोक तेच, आणि बाहेर द्यायचा पैसाही तिथूनच तयार होतो. म्हणून जरा सविस्तर.

आधी भंगार किती निघायला हवं ते कागदावर काढा. समजा बार तुकडा ४.२० किलोचा, तयार पार्ट २.७५ किलोचा. नगामागे १.४५ किलो टर्निंग (कापताना निघणारा धातूचा कीस). महिन्याला ४०,००० नग म्हणजे ५८ टन. त्यात रिजेक्शन आणि बारची शेवटची टोकं वेगळी मिळवा. आता काट्यावरून गेलं किती ते बघा. ५४.५ टन गेलं असेल तर साडेतीन टन कमी, किलोला ३० रुपये धरले तरी महिन्याला लाखाच्या वर. इथे नेहमीचं उत्तर असतं 'कूलंट उडून जातं साहेब' (कूलंट म्हणजे कापताना सोडतात तो थंडाव्याचा द्रव). ते उलटं आहे. ओल्या टर्निंगला कूलंट चिकटलेलं असतं, त्यामुळे वजन हिशेबापेक्षा जास्तच भरायला हवं. ओला माल कमी भरतोय तेव्हा काट्यावर किंवा गेटवर काहीतरी चाललंय.

काट्यावरची नेहमीची युक्ती रिकाम्या गाडीची. निव्वळ वजन म्हणजे भरलेली वजा रिकामी. रिकामी गाडी जड दाखवली की माल तेवढा कमी दिसतो. रिकामी असताना ड्रायव्हर आणि क्लीनर केबिनमध्ये, पाण्याने भरलेलं दोनशे लिटरचं पिंप मागे, जास्तीची स्टेपनी, ताडपत्र्या. भरल्यावर सगळं खाली. एका खेपेला तीनशे ते चारशे किलो सहज जातात. उपाय साधे. दोन्ही वेळेला केबिन रिकामी, मागचा हौदा उघडून फोटो. गाडीच्या आरसीवर रिकामं वजन छापलेलं असतं, त्याच्याशी तुलना. त्याच गाडीच्या मागच्या दहा खेपांची रिकामी वजनं एका ओळीत लिहा. शंभर किलोच्या वर फरक पडला की गाडी परत काट्यावर. पुढची दोन चाकं काट्याच्या प्लॅटफॉर्मबाहेर राहतात का हेही बघा, म्हणून फोटो बाजूने काढायचा, समोरून नाही. काटा बाहेरचा वापरत असाल तर महिन्यातून दोनदा न सांगता दुसऱ्या काट्यावर न्या. वैधमापनशास्त्र विभागाच्या मुद्रांकनाची तारीखही पाटीवर बघा.

प्रतवारीची चोरी वजनापेक्षा मोठी. रिजेक्ट पार्ट आणि बारची टोकं टर्निंगच्या भावात जातात, पितळेच्या बुशा लोखंडात जातात. सगळ्यात महाग भंगार म्हणजे झिजलेली कार्बाइड इन्सर्ट (मशीनच्या हत्याराची बदलायची कापणारी टोकं). टंगस्टनमुळे त्यांचा किलोचा भाव लोखंडी भंगाराच्या कितीतरी पट असतो आणि महिन्याचा माल एका डब्यात मावतो, त्यामुळे गेटवर दिसतही नाही. टूल क्रिबमध्ये (हत्यारांच्या स्टोअरमध्ये) नियम ठेवा: जुनं दिल्याशिवाय नवं नाही, नगावर मोजून. दिलेली वजा परत आलेली हा आकडा महिन्याला शून्याच्या जवळ हवा.

भाव ठरवायला वर्षाचा करार, पण भाव बाजाराला बांधलेला: मंडी गोविंदगड किंवा जालन्याच्या प्रसिद्ध होणाऱ्या भावाशी ठरलेला फरक. किंवा एमएसटीसीसारख्या सरकारी लिलाव पोर्टलवर तिमाही लिलाव. पैसे गाडी भरण्याआधी आरटीजीएसने. काट्यावरचा माणूस, भाव ठरवणारा आणि गेटपास देणारा, तिघे वेगळे. छोट्या कारखान्यात तिघे मिळत नाहीत, मग निदान काट्याची स्लिप अकाउंट्सच्या व्हॉट्सअपवर गाडी गेटबाहेर पडण्याआधी यायला हवी.

सीएस_नारायणपेठ

तेरीज, 'प्रायव्हेट कंपनीला काही लागू नाही' असं कुणी सांगितलं असेल तर ६२ कोटींचा आकडा त्यांना परत दाखवा. बँका आणि सार्वजनिक वित्तसंस्थांकडून ५० कोटींवर कर्ज असलं की कंपनी कायदा २०१३चं कलम १७७(९) लागतं, म्हणजे व्हिजिल मेकॅनिझम, तक्रारीची सोय, बंधनकारक. लिस्टेड असण्याची गरज नाही. ऑडिट कमिटी नसेल तर बोर्डाने एक संचालक त्यासाठी नेमायचा. अंतर्गत ऑडिट मात्र कायद्याने तुम्हाला सक्तीचं नाही, कारण प्रायव्हेट कंपनीला ते २०० कोटी उलाढाल किंवा १०० कोटींवर कर्ज असेल तरच. तरी ठेवा.

अडचण पुढे आहे. तिघेही संचालक घरचे, म्हणजे तक्रार कुणाकडे? खरेदी बघणाऱ्या धाकट्या साहेबांविरुद्धची तक्रार थोरल्या साहेबांकडे कुणी देणार नाही. कायद्याची अट पाळली जाईल, तक्रार एकही येणार नाही, आणि प्रश्नावलीत 'तक्रारी: शून्य' असं लिहून तुम्ही खूश व्हाल. बाहेरचा एक स्वतंत्र संचालक घ्या. कायद्याने लागत नसला तरी घेता येतो, निवृत्त बँकर किंवा सीए बघा. ते जमत नसेल तर तक्रारीचा ईमेल बाहेरच्या अंतर्गत ऑडिटरकडे जाऊ द्या. आणि पुरवठादारांना विसरू नका, टक्क्याची माहिती त्यांच्याकडेच असते. मार्चअखेर बॅलन्स कन्फर्मेशनची पत्रं जातातच. त्यात एक ओळ घाला: आमच्या कुणी पैसे, वस्तू किंवा सवलत मागितली असेल तर खालच्या पत्त्यावर कळवा. उत्तर थेट ऑडिटरच्या पत्त्यावर. दिवाळीच्या महिनाभर आधी भेटवस्तूंचं पत्र पाठवा, त्यात रकमेची मर्यादा स्पष्ट. मिठाईचा डबा चालेल, सोन्याचं नाणं नाही.

तक्रारींचं रजिस्टर जपून ठेवा. कॅरो २०२० (ऑडिटरच्या अहवालात काय असावं याचा सरकारी आदेश) प्रमाणे त्या तक्रारी विचारात घेतल्या का हे ऑडिटरला अहवालात सांगावं लागतं. आणि कर्मचाऱ्याने किंवा अधिकाऱ्याने केलेली एक कोटी किंवा त्यावरची अफरातफर ऑडिटरला दिसली तर तो दोन दिवसांत बोर्डाला कळवतो, ४५ दिवस उत्तराची वाट बघतो, मग पंधरा दिवसांत एडीटी-४ फॉर्मने केंद्र सरकारकडे. एक कोटीच्या आतली असेल तर बोर्डाच्या अहवालात छापावी लागते. त्यामुळे ऑडिटरला कळण्याआधी बोर्डाला कळलेलं बरं.

संचालकांनी दर आर्थिक वर्षाच्या पहिल्या बोर्ड मीटिंगला एमबीपी-१, म्हणजे इतर कंपन्या-फर्ममधले आपले हितसंबंध जाहीर करणारा फॉर्म, द्यायचा असतो. घरच्या कंपन्यांत तो मागच्या वर्षीचा कॉपी-पेस्ट होतो. मेहुण्याची ट्रान्सपोर्ट फर्म त्यात आहे का, एवढं तरी बघा. मालक स्वतः नातेवाइकाकडून चढ्या दराने माल घेत असतील तर खरेदी मॅनेजरला टक्क्यावरून जाब विचारताना तो तोंडावर तेच सांगेल, आणि मग तुमच्याकडे उत्तर नसेल.

तेरीज

सगळ्यांचे आभार, यातलं निम्मं उद्याच सुरू करतो. दोन उपप्रश्न. एक, रस्त्यावर माल अडवला आणि ड्रायव्हरने जागेवर पैसे देऊन गाडी सोडवली, कंपनीला संध्याकाळी कळलं, तर? दोन, घरमालकाचे पॅन वगैरे तपासणं गोपनीयतेच्या कायद्यात बसतं का?

फौजदारी_बाजू

पहिल्याचं. कलम ८ म्हणतं की भाग पाडल्यामुळे दिलं असेल तर देणारा गुन्हेगार नाही, पण दिल्यापासून सात दिवसांच्या आत पोलिसांकडे किंवा तपास यंत्रणेकडे कळवलं पाहिजे. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, टोल फ्री १०६४. सात दिवस पैसे दिल्यापासून मोजायचे, तुम्हाला कळल्यापासून नाही. म्हणून ड्रायव्हरला त्याच दिवशी फोन करायची सवय लावा, आणि सांगितल्याबद्दल पगार कापायचा नाही, नाहीतर पुढच्या वेळी तो 'टोल' लिहून मोकळा होईल. एका कागदावर तारीख, वेळ, जागा, कोण होतं, काय अडवलं, किती मागितले, किती दिले, सोबत कोण होतं. जीवाला धोका असेल तर आधी माणूस सोडवा, कागद नंतर. वहीत ती रक्कम आहे त्या नावाने लिहा. स्टाफ वेल्फेअर किंवा डिझेलमध्ये घातली की एका चुकीच्या दोन होतात. आयकरात ती वजावट मिळणार नाही, ती मागूही नका. रक्कम छोटी आहे म्हणून सूट हा प्रकार आपल्या कायद्यात नाही, ब्रिटनच्याही नाही. अमेरिकेच्या कायद्यात अगदी अरुंद अपवाद आहे, तुम्ही त्यावर विसंबू नका.

मागणी झाली पण अजून दिलेलं नाही, ही सगळ्यात चांगली वेळ. आधी कळवून, विभागाच्या सांगण्यावरून सापळ्यासाठी पैसे दिले तर देणाऱ्यावर गुन्हा नाही. विभाग आधी पंचांसमोर मागणीची पडताळणी करतो, नोटांना फिनॉल्फ्थॅलीन लावतो, घेतल्यावर हात सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवले की पाणी गुलाबी होतं. पडताळणीत मागणी स्पष्ट बोलली गेली नाही तर केस तिथेच लंगडी पडते. त्यामुळे आपल्या माणसाने 'किती, कशासाठी' हे समोरच्याच्या तोंडून वदवून घ्यायचं, स्वतः आकडा सांगायचा नाही.

खतावणी

दुसऱ्याचं. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात नोकरीच्या कामासाठी आणि मालकाचं नुकसान टाळण्यासाठी कर्मचाऱ्याचा डेटा वापरायची मुभा आहे. घरमालक मात्र तुमचा कर्मचारी नाही. म्हणून जुळवणी पेरोल बघणाऱ्याच्याच संगणकावर करा, आख्खी यादी खरेदी खात्याला किंवा मालकांना मेल करू नका. बाहेर फक्त जुळलेल्या ओळी काढा. आणि जुळणी म्हणजे दोष नाही. वडिलांचं वर्कशॉप खरोखर चांगलं काम करत असेल आणि मुलाने ते एप्रिलच्या फॉर्ममध्ये जाहीर केलं असेल, तर त्या पुरवठादाराच्या फाइलीवरची सही फक्त दुसऱ्या माणसाची हवी.